तीनशे बारा खुंट्या

खुंटी १८८

पाणी सांडले तेव्हा सगळे हसले.

पाणीवालीचा पाय भुसभुशीत मातीत रुतला, डोक्यावरचा हंडा कलंडला आणि निम्मे पाणी चरात गेले. टोळीतले चौदाही जण टिकाव-फावडी टेकून तेवढाच दम खाऊ लागले. टोळीत एक बाई होती, तिचे तोंड काय ते झोपेतच मिटत असे, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणत. ती म्हणाली की चर भरायचा मान पाणीवालीने पटकावला, आता ढगांनी आपापल्या घरी जावे.

आखणीवाल्याची सून हसली नाही. ती नऊ दिवस आजारी बहिणीकडे राहून कालच परत आली होती आणि आज पहिल्यांदा या चरावर उभी होती. ती पाण्याकडे बघत होती.

चर बरोबर आखलेला असला की त्यात सांडलेले पाणी बसते. दोन्हीकडे थोडे थोडे सरकते, कुठे जायचे ते न सुचल्यासारखे थांबते आणि जिरते. डोंगराला आडवा चर खणायचा तो त्यासाठीच.

हे पाणी बसले नाही. ते चालू लागले. एक वाळके पान पाठीवर घेऊन ते रेडिओच्या दोन पायांमधून गेले, पुढच्या माणसाच्या फावड्याला वळसा घालून गेले आणि घळीच्या दिशेने, तिकडे काही काम असल्यासारखे, निघाले.

सून चरात उतरली. आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत तिने पाय आडवा घातला. पाणी टाचेशी अडले, क्षणभर फुगले आणि बोटांच्या फटींतून वाट काढू लागले.

मुकादमाने वरून विचारले, पाय धुतेस का. ती म्हणाली, हो, धुते.

खुंटी ३१२

जेवणाच्या सुट्टीत ती चराच्या रेघेवर ठोकलेल्या खुंट्या मोजत शेवटपर्यंत गेली.

सासऱ्याच्या आखणीचा एक नियम होता, तो त्यानेच तिला शिकवला होता. घळ जवळ आली की वीस खुंट्या अलीकडेच थांबायचे. घळ ही पाण्याची स्वतःची जागा, तिथे आपली अक्कल चालवायची नाही. शेवटची खुंटी तीनशे बारावी होती आणि ती घळीच्या अगदी ओठावर ठोकलेली होती. तिथून खाली बघितले की नेचेच नेचे.

घळीची ती अख्खी भिंत नेच्यांनी झाकलेली होती. खडकावर वीतभर माती आणि त्या मातीला हजार ठिकाणी टाचून धरलेली काळी, केसाळ मुळे. कोवळी पाने अजून उलगडायची होती, लहान मुलाने मूठ आवळून धरावी तशी गुंडाळलेली. त्यांच्यामागे कुठेतरी खडकाला फट होती. फटीतून थेंब, थेंबांची धार, धारेखाली दगडाचे कुंड. खालच्या वस्तीतली बावीस घरे त्या कुंडाचे पाणी पीत होती. त्यानंतरची विहीर दोन तासांवर, आणि तीही खारट.

गेल्या वर्षी शाळेतल्या बाई मुलांना घेऊन कुंडाशी आल्या होत्या. सून तेव्हा हंडा भरत होती. बाईंनी एक पान उलटे करून दाखवले, खालून तपकिरी ठिपक्यांच्या रांगा. या झाडाला फूल नाही, बी नाही, या ठिपक्यांतली धूळ हाच याचा वंश, असे त्या म्हणाल्या. जगात एकही फूल उमलले नव्हते, एकही पाखरू उडाले नव्हते, तेव्हाही नेचे होते. एका मुलीने विचारले, मग तेव्हा त्यांना बघायला कोण होतं. बाईंनी पान परत सुलटे केले.

घरी येऊन सुनेने हे सांगितले, तर सासू म्हणाली, "मग तुझ्या सासऱ्यासारखंच की. फूल नाही, फळ नाही, पण जागा काही सोडत नाही."

सून तीनशे बाराव्या खुंटीपाशी उकिडवी बसली. चराचे तोंड नेच्यांच्या बरोबर वर उघडत होते. सहाशे पावलांचा डोंगर जेवढे पाणी झेलेल, तेवढे सगळे या एका तोंडाने खाली पडणार होते. मागे एका डोंगरावर तिने हे पाहिले होते. भिंतीवरची माती एका दुपारी खाली आली, फट चिखलाने बुजली. लोकांनी पहारीने, काठीने, शेवटी बोटांनी उकरून पाहिले. झरा परत लागला नाही.

पलीकडच्या डोंगरावर गेल्या आठवड्यात पाऊस पडून गेला होता. मुकादम म्हणत होता, तीन दिवस. फार तर चार.

खुंटी नाही (घर, संध्याकाळ)

घोडी ओसरीच्या भिंतीला टेकलेली होती.

दोन बांबू वर एकत्र बांधलेले, खाली पाय फाकवलेले, मध्ये आडवी पट्टी. शेंड्यापासून दोरी लोंबते, दोरीला दगड. दोरी पट्टीवरच्या खाचेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. एवढेच यंत्र. याच्या जोरावर सासऱ्याने चाळीस वर्षे डोंगर आखले होते. साहेब लोक काचेची दुर्बीण लावून तपासायचे आणि मान डोलवायचे.

एका पायाचे टोक नव्याने कापलेले होते. लाकूड पांढरे दिसत होते.

नवरा हातपाय धूत होता. तिने सहज विचारावे तसे विचारले. तो म्हणाला, टोक दगडावर आपटून फुटलं होतं, आप्पांनी कापलं. मग दुसरा पायही कापला का, खाच नव्याने पाडली का, असे तिने विचारले. तो म्हणाला की त्याला खुंट्या ठोकायला सांगितल्या होत्या, त्याने खुंट्या ठोकल्या.

तिने घोडी फरशीवर उभी केली. दोरी जिथे आली तिथे कोळशाने रेघ मारली. मग डावा पाय उजव्याच्या जागी, उजवा डाव्याच्या, अशी फिरवून ठेवली आणि दुसरी रेघ मारली. खाच या दोन रेघांच्या बरोबर मध्ये यायला हवी. ती एका अंगाला सरकलेली होती, अर्ध्या बोटाने.

अर्ध्या बोटाने काही बिघडत नाही. घोडी चालवताना दर पावलाला फिरवायची असते. मागचा पाय पुढे, मग पुढचा मागे, माणूस चालतो तशी. या पावलाला चूक खाली गेली तर पुढच्या पावलाला तेवढीच वर येते आणि फिटते. हेही तिला सासऱ्यानेच शिकवले होते, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात, तिचा हात धरून नव्हे, घोडीचा पाय धरून. तर मग तीनशे बारा पावलांत चूक फिटली कशी नाही?

सासरा आत आला. घोडी ओसरीच्या मध्यावर उभी होती. तो तिच्यावर आदळला.

सावरून त्याने घोडीला हात लावला, ओळखली आणि सवयीने त्याचा अंगठा आडव्या पट्टीवर गेला. खाच चाचपली. दोरी खाचेत आहे की नाही ते अंगठ्याने बघितले. डोळे समोरच्या भिंतीवर होते.

खाच पट्टीच्या एकाच बाजूला होती. मागून लाकूड गुळगुळीत. घोडी फिरवली तर खाच पलीकडे जाणार, अंगठ्याला लागणार नाही.

म्हणून त्याने ती फिरवलीच नव्हती. तीनशे बारा पावले एकच तोंड करून ओढत नेली होती. दर पावलाला अर्धे बोट, सगळे एकाच दिशेला.

"इथे कोणी ठेवली ही मधेच?" तो म्हणाला.

"मी," सून म्हणाली. "धूळ पुसत होते."

स्वयंपाकघराच्या दारात सासू उभी होती. सासरा मागच्या अंगणात गेल्यावर ती जवळ आली आणि पायाने फरशीवर पडलेला कोळसा बाजूला सारला.

"तुला आज कळलं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी तीन वर्षं त्याच्या ताटात सगळं त्याच त्याच जागी वाढते."

सुनेने झऱ्याचे सांगितले. सासूने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली की झरा सगळ्यांचा आहे, पण तुझ्या सासऱ्याला आखणी एवढं एकच येतं.

खुंटी नाही (अंगण, सकाळ)

सासरा फावड्याचा दांडा घासत होता. ती समोर जाऊन बसली. मान खाली घालून बोलायचे ठरवले होते, मग लक्षात आले की वर घातली काय आणि खाली काय.

"मामंजी, चरातलं पाणी घळीकडे जातंय."

"कुठलं पाणी? ढग तर अजून तिकडेच आहेत."

"हंडा सांडला काल."

"हंड्याने डोंगर मोजायला लागलीस?"

त्याचा हात दांड्यावर वेगाने फिरू लागला. चाळीस वर्षांत एक रेघ चुकली असेल तर दाखव, तो म्हणाला. नऊ दिवस बहिणीच्या उशाशी बसलीस आणि आलीस ती थेट माझी परीक्षा घ्यायला. लग्न होऊन आलीस तेव्हा तुला उतार आणि चढ यातला फरक कळत नव्हता, दोन्हीकडे धापा टाकायचीस.

हे खरे होते. तिला हसू आले असते, दुसऱ्या कुठल्या दिवशी.

"तुमची रेघ नाही म्हणत मी," ती म्हणाली. "समजा, दुसऱ्या कोणाची असती. खणून झालेली. पाऊस दारात. तर काय केलं असतं?"

हात थांबला.

"दुसऱ्याची?"

"दुसऱ्याची."

त्याने दांडा बाजूला ठेवला. तळहात जमिनीवर आडवे धरून तो दाखवू लागला. आवाज बदलला होता, त्यात राग नव्हता. दुसऱ्याची असेल तर नव्याने खणत बसायचं नाही, वेळ नसतो. चरात खोल्या पाडायच्या. दर दहा खुंट्यांना आडवी भिंत, मातीची, काठापेक्षा चार बोटं खाली. माती ओली करून थर देत जायचं आणि प्रत्येक थर पायांनी तुडवायचा, नुसती टाकलेली माती म्हणजे साखर. मग चर तिरका असला तरी पाणी पळत नाही. ज्याच्या त्याच्या खोलीत बसतं. आणि शेवटच्या वीस खुंट्या पूर्ण बुजवायच्या. घळीशी खेळायचं नाही.

"एकोणतीस भिंती होतील," ती म्हणाली.

"ज्याची रेघ तिरकी, त्याने घालाव्यात," तो म्हणाला आणि दांडा परत उचलला. "आपल्याला काय करायचंय."

खुंटी १

सगळी टोळी पहिल्या खुंटीपाशी जमली होती. नवरा होता. सासराही काठी टेकत आला होता, कामावर नसला तरी तो रोज येत असे. मुकादम हजेरी घेत होता.

सुनेने त्याला थांबवले. म्हणाली, चर तिरका आहे. पाणी घळीत जाईल आणि झरा बुजेल.

मुकादमाने वही मिटली. हे कोण म्हणतं, असे त्याने विचारले आणि सासऱ्याकडे बघितले. सगळ्यांनी सासऱ्याकडे बघितले. सासरा डोंगराकडे तोंड करून उभा होता.

"घोडीचा पाय मी कापला," सून म्हणाली. "बहिणीकडे जायच्या आधी. टोक फुटलं होतं. खाच बदलायची राहिली आणि मामंजींना सांगायचंही राहिलं. त्यांनी बरोबरच आखलं, घोडीच खोटी होती."

नवऱ्याने मान झटकन वर केली. त्याचे तोंड उघडले होते. तिने त्याच्याकडे बघितले नाही, त्याच्या पायांकडे बघितले आणि ते पाय हलले नाहीत. तोंडही मिटले.

सासऱ्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.

*टोळी काय म्हणाली:*

नऊ दिवस. नऊ दिवस आम्ही हिच्यासाठी कंबर मोडली.

पाय कापला म्हणे. भाजी आहे का ती.

शिकवलं कोणी हिला? त्यानेच. भोगा आता.

माझ्या हाताचे फोड बघ. बघ ना. आता बघवत नाही?

बाईच्या हातात घोडी दिली की असंच. (हे एका बाईनेच म्हटले.)

म्हाताऱ्याचं नाव घालवलं. चाळीस वर्षांचं.

तिरकी.

शेवटचा शब्द रेडिओचा. तो लगेच चिकटला. दुपारपर्यंत तिला दुसऱ्या कोणत्याही नावाने कोणी हाक मारली नाही. तिरके, घमेलं उचल. तिरके, सरळ चाल, जमतं का.

मुकादमाने उपाय विचारला, तो तिने सासऱ्याचा म्हणून सांगितला. मुकादम म्हणाला की दोन दिवसांची हजेरी कोणाचीच लागणार नाही, पण झरा त्याच्याही घरचा होता, म्हणून तो स्वतः फावडे घेऊन उतरला. एक गोष्ट मात्र त्याने सगळ्यांसमोर सांगितली. पुढच्या डोंगरावर घोडी हिच्या हाताला लागता कामा नये. हिने घमेली वाहायची, बस.

ती म्हणाली, बरं.

खुंटी ३१२ ते २९०

घळीकडून सुरुवात केली. शेवटच्या वीस खुंट्या बुजवायलाच दुपार झाली. आपणच उपसलेली माती आपणच परत टाकायची. कोणी बोलत नव्हते. रेडिओसुद्धा बंद होती, हे सर्वांत वाईट लक्षण.

मग पहिली भिंत. सुनेने थर टाकला, पाणीवालीने शिंपडले. पायांनी तुडवायला कोण, असे मुकादमाने विचारायच्या आत सासरा काठी टाकून चरात उतरला होता. चप्पल काढली. दोन्ही हात चराच्या काठांवर आणि पाय एकाच जागी, एकाच लयीत, वर-खाली, वर-खाली. "अजून एक घमेलं," तो म्हणायचा. किंवा, "पाणी जास्त झालं." तो खाली बघत नव्हता. तुडवताना कोणीच बघत नाही.

खुंटी २८०

भिंत.

खुंटी २७०

भिंत. टिकावाचा दांडा मोडला.

खुंटी २५०

सुनेच्या मानेत गाठ आली होती, ती घमेले डोक्याऐवजी कमरेवर घेऊ लागली. कोणीतरी म्हणाले, बघा, चालणंही तिरकं.

खुंटी २१०

अंधारायच्या आत घरी. सासऱ्याचे तळवे सासूने कोमट पाण्यात बुडवून ठेवले होते. चौघेही एकाच खोलीत जेवले. नवऱ्याने दोनदा काही बोलायला सुरुवात केली आणि दोन्ही वेळा पाणी मागितले.

खुंटी १९०

दुसरा दिवस. ढग डोंगरावर टेकलेले.

खुंटी १२०

भिंत. जेवणाची सुट्टी घेतली नाही.

खुंटी ५०

पंचविसावी भिंत निम्मी झाली असताना पावसाला सुरुवात झाली.

थेंब नव्हते, सरळ दोऱ्या होत्या. वरच्या चार भिंती व्हायच्या राहिल्या होत्या: चाळीस, तीस, वीस, दहा. म्हणजे पहिल्या पन्नास खुंट्यांचे पाणी अडवायला काहीच नव्हते. ते सगळे या एका भिंतीवर येणार होते, ओल्या, निम्म्या तुडवलेल्या भिंतीवर. ही फुटली की तिचे पाणी खालच्या भिंतीवर, ती फुटली की तिच्या खालच्या, असे करत शेवटी बुजवलेल्या वीस खुंट्यांवर आणि तिथून नेच्यांवर.

मुकादम ओरडला की बाहेर या, चरात थांबू नका. सगळे काठावर चढले. सासरा चढला नाही. तो भिंतीवर उभा होता आणि तुडवत होता.

सुनेने वर बघितले. चराच्या वाकणावरून तांबडे पाणी येत होते. धावत नव्हते, चालत होते, त्या दिवशीसारखेच. फक्त आता मांडीइतके खोल.

"मामंजी, या वर."

"उतरलो तर जाईल ही."

पाणी भिंतीला लागले. त्याच्या घोट्यांवर आले. तो तुडवायचा थांबला आणि नुसता उभा राहिला, दोन्ही तळवे पसरून. त्याचा चेहरा ऐकणाऱ्या माणसासारखा झाला होता.

"डाव्या टाचेखाली," तो म्हणाला. "मऊ झालंय. दगड."

ती दगड घेऊन उतरली. त्याने पाय उचलला, तिने दगड दाबला, त्याने पाय परत ठेवला.

"पुढे. अंगठ्यापासून वीतभर. माती जातेय."

भिंतीच्या अंगाला खरोखर एक बारीक तांबडी धार लागली होती. ती दुसऱ्या कोणाला दिसली नव्हती. नवरा उतरला, मुकादम उतरला. मग काठावरून हातोहात दगड येऊ लागले, घमेली येऊ लागली, कोणीतरी अंगातला सदरा काढून त्यात माती बांधून टाकली. सासरा सांगत होता, उजवीकडे, मध्ये, खाली, अजून खाली, आणि सगळे त्याच्या पायांभोवती वाकून दाबत होते. रेडिओ काठावरून त्याचे शब्द मोठ्याने पुढे पोचवत होती, कारण पावसात ते ऐकू जात नव्हते.

पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत चढले आणि तिथे थांबले. मग चराच्या खालच्या काठावरून, पातळ चादरीसारखे, आजूबाजूच्या गवतात पसरू लागले.

किती वेळ गेला ते कोणी सांगू शकले नसते. पाऊस विरला तेव्हा सासऱ्याला दोघांनी काखेत धरून वर घेतले. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत भिंतीत गेले होते.

खुंटी ३१२, किंवा ती होती ती जागा

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतले सगळे घळीत जमले होते.

बुजवलेल्या भागावरून थोडे पाणी ओघळून आलेच होते. नेच्यांच्या भिंतीचा एक पट्टा, दोन माणसे झोपतील एवढा, खडकापासून सुटून पुढे लोंबत होता. पडला नव्हता. वरच्या मुळांनी तो धरून ठेवला होता आणि सुटलेल्या अंगाने मुळांचे काळे जाळे उघडे दिसत होते. इतकी मुळे की त्यांत मातीला निसटायला जागा नव्हती.

सून कुंडात उतरली. पाणी गढूळ होते. तिने तळवा धारेखाली धरला आणि वाट बघितली. धार गार होती. तळव्यात साठलेले पाणी आधी तांबूस दिसले, मग तिने ते सांडले, परत धरले, परत सांडले. पाचव्या-सहाव्या वेळेला तिला तळहातावरच्या रेषा दिसल्या.

"भरा," ती म्हणाली.

बायकांनी हंडे पुढे सरकवले. पाणीवालीने जाता जाता तिला विचारले, तिरके, तुझा हंडा कुठाय.

खुंटी १००

नऊ दिवसांनी साहेब आला.

तो चांगला माणूस होता. जीपमध्ये बसून राहिला नाही, बूट चिखलात घालून शंभराव्या खुंटीपर्यंत वर आला. आसपासच्या तीन डोंगरांवरचे चर फुटले होते, हे त्याने आल्या आल्या सांगितले. इथे मात्र चरभर पाण्याच्या खोल्या होत्या, एकीखाली एक, प्रत्येकीत आभाळाचा एक तुकडा. तो काठाकाठाने चालला. एका भिंतीवर उभा राहून त्याने तिच्यावर पाय आपटून बघितला. मग विचारले, हे आडवे बांध कोणाच्या डोक्यातून निघाले.

मुकादमाने गोष्ट सांगितली. ती आता पुष्कळदा सांगून झाली होती, त्यामुळे घोटीव झाली होती. सुनेने पाय कसा कापला, चर कसा तिरका झाला, आणि म्हाताऱ्याने भर पावसात भिंतीवर उभे राहून डोंगर कसा सावरला. तिरकी या शब्दावर साहेब हसला. सून चार पावलांवर रिकामे घमेले घेऊन उभी होती. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली, लहान मुलाला माफ करावे तशी.

मग त्याने सासऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाला की पुढच्या महिन्यात पलीकडचा अख्खा डोंगर सुरू होतो आहे आणि त्याची आखणी तुम्हीच करायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही.

सासरा म्हणाला, "पाय मी कापला."

साहेबाला नीट ऐकू आले नाही.

"घोडीचा पाय मी कापला. सुनेने नाही. ती इथे नव्हतीच."

मग मुकादमाने साहेबाला सांगितले, बघा, असा आहे माणूस. सुनेची चूक अंगावर घेतोय. टोळीत कौतुकाची कुजबुज झाली. एक म्हातारा डोळे पुसू लागला.

"अहो, मला दिसत नाही," सासरा म्हणाला. आवाज चढला होता. "तीन वर्षं झाली. खाच दिसत नाही, दोरी दिसत नाही."

साहेबाने त्याचा हात आणखी घट्ट दाबला. "तुम्हाला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त दिसतं," तो म्हणाला. लोक हसले, प्रेमाने.

सासऱ्याने हात ओढून घेतला. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. तो वळला, एक पाऊल पुढे आला आणि समोर उभ्या असलेल्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू सांग यांना," तो तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला. "माझं कोणी ऐकत नाही. तू सांग, सूनबाई."

रेडिओ उभी होती ती. तिचे तोंड उघडे होते आणि त्यातून काही येत नव्हते. मागून कोणीतरी हसले, अर्धेच. साहेब एकदा म्हाताऱ्याकडे, एकदा घमेलेवालीकडे बघत राहिला. मुकादमाने डोक्यावरचा कपडा काढला.

सुनेने घमेले खाली ठेवले.

"मी इकडे आहे, मामंजी," ती म्हणाली.